जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स : काय बदलता येतं, काय येत नाही, आणि कसं बदलायचं

माझा भाचा नांदेडला पॉलिटेक्निकला शिकतो, सिव्हिलला. दुसऱ्या वर्षी ऑटोकॅड सुरू झालं आणि घरातल्या २०१२ सालच्या लॅपटॉपनं मान टाकली. ड्रॉइंग उघडायला चहा करून पिण्याइतका वेळ लागायचा, पंखा सारखा घोंगावायचा, आणि खालच्या बाजूला हात लावू म्हणलं तर चटका बसायचा. "मामा, नवाच घ्यावा लागंल वाटायलंय," तो फोनवर म्हणाला. तेव्हा अर्धी खोली कापसानं भरलेली होती आणि भाव काही वर सरकत नव्हता. नव्या लॅपटॉपचे पैसे नव्हते. म्हणून हाच लॅपटॉप सुधारायचं ठरवलं.

या कामाला मला जवळपास अडीच महिने लागले. त्यात स्क्रू-ड्रायव्हर हातात होता तो एका सकाळपुरता. बाकी सगळा वेळ चुकीचा प्रोसेसर मागवण्यात, तो परत घ्या म्हणून भांडण्यात आणि अर्धवट माहितीच्या मागं पळण्यात गेला. तुमचा वेळ आणि पैसा तसा जाऊ नये म्हणून हे क्रमानं लिहितोय. पहिल्या चार पायऱ्या पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

## १. प्रोसेसरचं पूर्ण नाव काढा

"आय३ आहे" एवढ्यानं काहीच कळत नाही. पूर्ण क्रमांक लागतो, शेवटच्या अक्षरासकट. विंडोजमध्ये 'धिस पीसी'वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की तो दिसतो. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा द्या. आमच्या लॅपटॉपमध्ये निघाला आय३-२३२८एम.

अशा चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढी सांगतो. २३२८ म्हणजे दुसरी पिढी, ३२३० म्हणजे तिसरी, ४२०० म्हणजे चौथी. शेवटचं अक्षर त्याहून महत्त्वाचं, त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

सोबत सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात तीन गोष्टी बघून वहीत लिहा: 'पॅकेज'च्या ओळीत काय आहे, 'मेनबोर्ड'च्या पानावर साउथब्रिज म्हणजेच चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप) कोणता आहे, आणि बायॉसची, म्हणजे लॅपटॉप चालू होताना आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमची, आवृत्ती व तारीख काय आहे. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. त्यावरचा मॉडेल क्रमांक पुढं अनेकदा लागणार आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरचे स्टिकर घासून पुसट झालेले असतात.

## २. सॉकेट की सोल्डर, हे ठरवा

सगळा निकाल इथं लागतो. काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो, म्हणजे एक स्क्रू फिरवला की हातानं उचलता येतो. बाकीच्यांत तो मदरबोर्डला कायमचा सोल्डर केलेला असतो. सोल्डर असेल तर घरी तो बदलता येत नाही, आणि दुकानात बदलून घेणं परवडत नाही.

इंटेलच्या बाबतीत ढोबळ नियम असा:

- क्रमांकाच्या शेवटी 'एम', 'क्यूएम' किंवा 'एमक्यू' असेल तर प्रोसेसर बहुधा सॉकेटमध्ये असतो.
- शेवटी 'यू', 'वाय' किंवा 'एचक्यू' असेल तर तो सोल्डर केलेला असतो.
- पाचवी पिढी आणि त्यापुढच्या लॅपटॉपमध्ये इंटेलनं सॉकेटच बंद केलं. तिथं शोधाशोध करू नका.

सॉकेट पिढीनुसार बदलतात. कोअर २ ड्युओच्या काळात बहुतेक सॉकेट पी होतं. पहिल्या पिढीच्या आय३, आय५, आय७ ला जी१ म्हणजे ९८८ए लागतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला जी२ म्हणजे ९८८बी, चौथीला जी३. तेव्हाच्या स्वस्त लॅपटॉपमधले पेंटियम बी९५० आणि बी९६० सुद्धा जी२ मध्येच बसतात, म्हणून "आमचा तर साधा पेंटियम आहे" म्हणून लगेच नाद सोडू नका.

मी फसलो तो इथंच. ऑनलाइन एका विक्रेत्याकडं "आय७, ९८८ पिन" असं लिहिलेलं दिसलं. माझंही सॉकेट ९८८ च, म्हणून मागवला. आला तो पहिल्या पिढीचा आय७-७२०क्यूएम. ९८८ए आणि ९८८बी यांच्या पिना मोजल्या तर सारख्याच, पण त्यांची मांडणी वेगळी आहे. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही, आणि जोर लावला तर पिना वाकतात. विक्रेता म्हणाला, जाहिरातीत ९८८ लिहिलं होतं आणि ९८८ च पाठवलाय. अर्धे पैसे परत मिळाले, तेही तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर. म्हणून आकड्यानंतरचं 'ए' की 'बी' हे अक्षर विक्रेत्याकडून लिहून घ्या.

एएमडीवाल्यांनाही अशीच खबरदारी लागते. एफएस१ आणि एफएस१आर२ या दोन्ही सॉकेटना ७२२ पिना आहेत, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही.

सॉफ्टवेअर काय दाखवतं यावर पूर्ण विसंबू नका. 'एम'वाले काही प्रोसेसर सोल्डर केलेल्या रूपातही निघाले होते. खात्री करायचे दोन मार्ग आहेत: आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वाचणं, किंवा लॅपटॉप उघडून डोळ्यांनी बघणं. सॉकेट असेल तर प्रोसेसरभोवती प्लॅस्टिकची चौकट आणि कडेला एक मोठा सपाट खाचेचा स्क्रू दिसतो, बहुतेकदा शेजारी कुलपाचं चित्र असतं.

## ३. चिपसेट, बायॉस आणि वॅट

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. अजून तीन चाळण्या आहेत.

चिपसेट आधी बघा. दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये साधारण एचएम६५ असतो. त्यावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालायला कंपनीनं बायॉसमध्ये तशी सोय दिलेली असावी लागते, आणि बहुतेक लॅपटॉपना ती मिळालीच नाही. एचएम७६ किंवा एचएम७७ असेल तर दुसरी आणि तिसरी दोन्ही पिढ्या चालू शकतात. आमच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा, पण चिपसेट एचएम७६ होता. २०१२ च्या सुमाराला असे बरेच लॅपटॉप विकले गेले. तुमच्याकडं असा असेल तर नशीब चांगलं समजा.

मग बायॉस. एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. त्यात त्या मॉडेलसोबत कोणकोणते प्रोसेसर दिले होते त्याची यादी बहुधा सापडते. यादीतला प्रोसेसर निवडला तर धोका जवळपास राहत नाही. यादीबाहेरचा घ्यायचा तर नेमक्या त्याच मॉडेलमध्ये तो चालल्याचं दोन-तीन जणांकडून कळल्याशिवाय घेऊ नका. कंपनीच्या साइटवर नवीन बायॉस असेल तर तो जुना प्रोसेसर आत असतानाच टाका. नवा बसवल्यावर स्क्रीन काळी राहिली तर मग बायॉस टाकणार कसा?

बायॉस टाकताना लाईट जाणं म्हणजे मदरबोर्ड गमावणं. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी लाईटचा भरवसा नसतो, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या मेलेल्या असतात. बॅटरी चांगली नसेल तर ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी जाऊन हे काम करा. मी शेजारच्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवर बसून केलं.

राहिला वॅट. प्रोसेसर किती उष्णता टाकतो त्याचा हा आकडा, इंटेलच्या एआरके या साइटवर प्रत्येक प्रोसेसरसमोर दिलेला असतो. आय३-२३२८एम ३५ वॅटचा आहे. त्याच्या जागी चार कोअरचा (म्हणजे आत काम करणारे चार भाग असलेला) आय७-३६३०क्यूएम घातला तर तो ४५ वॅटचा. तुमचा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून पंख्याकडं नेणारा धातूचा भाग, ३५ वॅटच्या हिशेबानं बनवलेला आहे. दहा वॅट कागदावर किरकोळ दिसतात, पण खोलीतच ४० अंश असताना तेच जड जातात. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या भागात मूळ प्रोसेसरइतक्याच वॅटचा प्रोसेसर घ्यावा. तिसऱ्या पिढीत चार कोअर असूनही ३५ वॅटमध्ये बसणारे दोन आहेत, आय७-३६१२क्यूएम आणि आय७-३६३२क्यूएम. मी दुसरा घेतला. दोन कोअरच्या जागी चार, टर्बोला (गरजेपुरता वाढणारा वेग) ३.२ गिगाहर्ट्झ, आणि उष्णता तेवढीच. नाव जवळपास तेच असलेला आय७-३६३५क्यूएम मात्र सोल्डरवाला आहे, तो चुकून घेऊ नका. बजेट कमी असेल तर आय५-३२३०एम हा दोन कोअरचा साधा प्रोसेसरही आय३ पेक्षा जाणवेल इतका चपळ आहे.

## ४. ग्राफिक्सचं काय

लोक सगळ्यात जास्त इथं गोंधळतात. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड म्हणजे खाचेत खोचायची पट्टी, एक काढली की दुसरी बसवली. लॅपटॉपमध्ये तसं नसतं. दुकानात जाऊन "दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकून द्या" म्हणणारी लेकरं मी पाहिली आहेत, आणि "टाकून देतो की" म्हणणारे दुकानदारही. आपल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा.

प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं. म्हणजे प्रोसेसर बदलला की तेही बदलतं. ज्यांना फक्त जुनं यंत्र कामाला लावायचंय त्यांच्यासाठी हीच सगळ्यात कमी खर्चाची वाट. आमच्या आय३ मध्ये इंटेल एचडी ३००० होतं, ते डायरेक्टएक्स (सॉफ्टवेअर ग्राफिक्सकडून काम करून घेतं ती विंडोजची पद्धत) १०.१ पर्यंतच जातं. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांना डायरेक्टएक्स ११ लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला २.८० आवृत्तीपासून ओपनजीएल (डायरेक्टएक्ससारखीच दुसरी पद्धत) ३.३ लागतं आणि विंडोजवर एचडी ३००० ते देत नाही. तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधलं एचडी ४००० डायरेक्टएक्स ११ देतं. भाच्याचं काम अडलं होतं ते वेगापेक्षा या एका गोष्टीवर. पेंटियम किंवा सेलेरॉन घ्याल तर तिसऱ्या पिढीचा असूनही त्यात एचडी ४००० नसतं, हे लक्षात ठेवा. एएमडीत हा फरक आणखी मोठा पडतो. ए४-४३००एम काढून ए१०-४६००एम बसवला तर ग्राफिक्स बरंच वरच्या दर्जाचं मिळतं.

या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. म्हणून रॅमची एक पट्टी ठेवण्याऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या की त्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. १६०० वेगाच्या डीडीआर३ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन मिळून २५.६. आठ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चारच्या दोन घ्या.

मदरबोर्डवर सोल्डर केलेली वेगळी चिप. एनव्हीडिया किंवा रेडिऑनचं स्टिकर असलेले बहुतेक जुने लॅपटॉप या प्रकारात येतात. ही चिप बदलून वरची बसवता येत नाही. याच मॉडेलचा, चांगल्या चिपचा मदरबोर्ड मिळाला तर तो सगळाच बदलता येतो, पण त्याला हीटसिंकही वेगळा लागतो आणि विंडोजचा परवाना जाऊ शकतो. बिघडलेली चिप "हीट मारून" चालू करून देणारे ठिकठिकाणी आहेत. गरम केल्यानं ती काही दिवस किंवा काही महिने चालते आणि परत जाते. त्यासाठी पैसे मोजू नका. दुरुस्ती करायचीच असेल तर नवी चिप घालून, रीतसर रिबॉलिंग (चिपखालचे सोल्डरचे मणी नव्यानं बसवणं) करून आणि लेखी वॉरंटी घेऊनच करा.

एमएक्सएम कार्ड. काही महागड्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ डेलच्या प्रिसिजन एम४६०० आणि एम६६०० मध्ये किंवा एचपीच्या एलिटबुक ८५६०डब्ल्यू आणि ८५७०डब्ल्यू मध्ये, ग्राफिक्स वेगळ्या छोट्या कार्डावर असतं आणि ते खरोखर बदलता येतं. कंपन्यांनी काढून टाकलेले असे लॅपटॉप जुन्या बाजारात मिळतात. पण कार्डाचा आकार, स्क्रूंची भोकं, हीटसिंकची ठेवण आणि बायॉस या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

बाहेरचं कार्ड. वायफायच्या मिनी पीसीआय एक्सप्रेस खाचेला पट्टा जोडून बाहेर डेस्कटॉपचं कार्ड लावायची अडॅप्टरं मिळतात. मी ते लावलं नाही, आणि नवख्यानं लावू नये असंच सांगेन. त्या खाचेतून सेकंदाला ५०० एमबीच जातात, वेगळा पॉवर सप्लाय लागतो, मॉनिटर लागतो, वायफाय कार्ड काढावं लागतं, आणि काही बायॉस त्या खाचेत अनोळखी कार्ड घेतच नाहीत. एवढ्या पैशात जुना डेस्कटॉप येतो.

## ५. सोल्डर निघाला तर, आणि नसला तरी

ज्यांचा प्रोसेसर सोल्डर आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. ज्यांचा सॉकेटमध्ये आहे त्यांनीही हे आधी करावं. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घाला आणि रॅम ८ जीबी करा. रोजच्या कामात जो फरक डोळ्यांना दिसतो त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असतो. रॅम घेताना दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला डीडीआर३ आणि चौथीला कमी व्होल्टेजची डीडीआर३एल लागते, हे बघून घ्या.

आणखी एक. प्रोसेसर बदलला तरी हा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑटोकॅडसारखं विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत नसेल तर लिनक्स मिंट टाका, जुन्या यंत्रावर ते छान चालतं.

## ६. खरेदी करताना

हे प्रोसेसर आता नवे मिळत नाहीत. जे मिळतं ते मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढलेलं. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुरुस्तीच्या दुकानांत आधी विचारा, कारण जवळचं दुकान म्हणजे समोर लावून बघायची सोय. नांदेड-परभणीकडच्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबादच्या पार्क लेनवरचं चेनॉय ट्रेड सेंटर जवळ पडतं. मला शेवटी तिथंच मिळाला.

घेताना हे बघा:

- चिपवर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो. स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, बायॉस तो ओळखेलच असं नाही.
- उजेडात तिरका धरून पिनांच्या रांगा बघा. ज्वारीच्या शेतात तास बघतो तसं. एखादी पीन वाकलेली असेल तर रांग लगेच मोडलेली दिसते.
- फोम किंवा प्लॅस्टिकच्या डबीतच घ्या. कागदात गुंडाळून दिलेला घेऊ नका.
- बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि परत घ्यायची मुदत लिहून घ्या. निदान सात दिवस.
- कुरियरनं आला तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा.

## ७. साहित्य

चांगल्या पोलादाचे फुलीच्या टोकाचे दोन स्क्रू-ड्रायव्हर, पीएच० आणि पीएच१. सपाट टोकाचा एक, सॉकेटच्या स्क्रूसाठी. जत्रेतल्या दहा रुपयांच्या ड्रायव्हरनं स्क्रूचं डोकं झिजतं, मग तो निघता निघत नाही. थर्मल पेस्टची (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड, दाढीचा जुना ब्रश, आणि पट्ट्या उचकायला गिटारचा पिक किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड. स्क्रू ठेवायला मसाल्याचा डबा उत्तम, सात वाट्यांत सात टप्प्यांचे स्क्रू वेगळे राहतात.

कागदपत्रांत सर्व्हिस मॅन्युअल मोबाईलवर उतरवलेलं, लॅपटॉपचं आणि प्रोसेसरचं बिल, विंडोजची किल्ली (प्रॉडक्ट की) असेल तर ती. सगळ्या फाईलींची दुसऱ्या ठिकाणी प्रत हवीच. लॅपटॉप कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल तर लेखी परवानगीशिवाय उघडू नका.

## ८. जागा आणि वेळ

सकाळी लवकर बसा. छताचा पंखा आणि कूलर दोन्ही बंद. कूलरची ओली हवा उघड्या बोर्डावर येऊ देऊ नका. खाली सुती सतरंजी, अंगात सुती कपडे. थंडीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटच्या शर्टातून ठिणग्या निघतात, आणि तशी एक ठिणगी चिपला पुरते. काम सुरू करण्याआधी आणि मधूनमधून नळाच्या लोखंडी पाइपला हात लावा. जुन्या घरांत प्लगला अर्थिंग असतंच असं नाही, त्यावर अवलंबून राहू नका.

## ९. प्रत्यक्ष बदल

1. चार्जर काढा, बॅटरी काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत लावू नका.
2. मॅन्युअलप्रमाणे तळाचं झाकण काढा. काही लॅपटॉपमध्ये एवढ्यानंच हीटसिंक दिसतो, काहींत कीबोर्ड आणि अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या.
3. रिबनच्या पट्ट्या ओढू नका. कनेक्टरची छोटी पट्टी एकतर वर उघडते नाहीतर पुढं सरकते. ती मोकळी झाली की रिबन आपोआप सुटते. घाईत सगळ्यात जास्त मोडतो तो हाच भाग.
4. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ आकडे असतात. काढताना उलट क्रमानं, थोडेथोडे सैल करत. पेस्ट वाळून चिकटली असेल तर हीटसिंक सरळ वर उपटू नका, डावीउजवीकडं हलकेच हलवा.
5. पंखा आणि पितळी रंगाच्या पात्यांमधली जाळी साफ करा. आमच्यात धुळीच्या जोडीला कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसला होता. ज्या घरात कापूस साठवतात तिथल्या प्रत्येक लॅपटॉपची हीच गत असणार. ब्रश फिरवताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा.
6. सॉकेटचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा फिरवा. जुना प्रोसेसर सरळ वर उचला.
7. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दाबावं लागतंय असं वाटलं तर थांबा. काहीतरी चुकलंय. बसला की स्क्रू घड्याळाच्या दिशेनं अर्धा फेरा फिरवून बंद करा.
8. हीटसिंक आणि चिप दोन्ही अल्कोहोलनं आरशासारखी पुसा. मधल्या चकचकीत चौकोनावर ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट पुरे. ग्राफिक्सची वेगळी चिप असेल तर तिच्यावरही. शेजारच्या मेमरीवर मऊ थर्मल पॅड असतात. ते फाटले असतील तर तेवढ्याच जाडीचे नवे लावा, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही.
9. हीटसिंक सरळ खाली ठेवा आणि १, २, ३, ४ या क्रमानं थोडेथोडे घट्ट करा. लॅपटॉपच्या चिपला वर धातूचं झाकण नसतं, ती उघडी आणि काचेसारखी ठिसूळ असते. एकाच कोपऱ्यावर जोर आला तर तिचा टवका उडतो.
10. पंख्याची वायर जोडली का ते बघा, मगच झाकण लावा. मी दोनदा बघितलं.

## १०. पहिल्यांदा चालू करताना

बटण दाबल्यावर लगेच काही दिसलं नाही तर घाबरू नका. नवा प्रोसेसर ओळखताना लॅपटॉप एक-दोनदा आपोआप बंद होऊन सुरू होऊ शकतो. दोन-तीन मिनिटं थांबा. तरी स्क्रीन काळीच राहिली तर बंद करून, बॅटरी काढून, रॅम एकच पट्टी ठेवून बघा. त्यानंतरही नाहीच, तर जुना प्रोसेसर परत लावा. तो चालला तर बोर्ड शाबूत आहे, अडचण बायॉसची किंवा चिपची आहे.

चालू झाला की आधी बायॉसमध्ये प्रोसेसरचं नाव वाचा, मग विंडोजमध्ये इंटेलचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. तो टाकेपर्यंत एचडी ४००० असूनही चित्र अडखळत राहतं. प्रोसेसर बदलल्यानं विंडोजचा परवाना सहसा जात नाही.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तापमान बघत अर्धा तास जड काम द्या. आय७-३६३२क्यूएमची कमाल मर्यादा १०५ अंश आहे, तिच्याजवळ गेला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. ९० च्या आत राहिला तर बसवणं नीट झालंय. सुरू करताच ९५ च्या वर उडी घेतली तर हीटसिंक तिरका बसलाय किंवा पेस्ट कमी पडलीय, परत उघडा. ही चाचणी परत करायच्या मुदतीच्या आत आणि दुपारच्या उन्हात करा. सकाळी पास झालेला लॅपटॉप एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता काय करतो, ते आपल्याला आधी कळलेलं बरं.

## ११. नंतरची देखभाल

गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवा बंद होते. मी भाच्याला लाकडी पाटाला दोन फळ्या मारून स्टँड करून दिलाय. पंख्याची जाळी वर्षातून दोनदा साफ करायची: कापूस विकून झाल्यावर एकदा, आणि मृगाच्या आधी एकदा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. मे महिन्यात आम्ही तसंच ठेवतो, ऑटोकॅडच्या साध्या ड्रॉइंगला फरक जाणवत नाही.

जुना प्रोसेसर विकून फारसे पैसे येत नाहीत. नव्याच्याच रिकाम्या डबीत तो घालून, बिलासोबत कपाटात ठेवा. पुढं कधी लॅपटॉप चालूच झाला नाही तर दोष बोर्डचा की चिपचा, हे घरच्या घरी तपासायला तोच एक साधन आहे.